काळ्या मातीतले ब्रेक

ब्रेकची जुनी डिस्क प्लेट, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी थाळी, उतरवली की ती गॅरेजच्या कोपऱ्यात भंगारात जाते आणि सगळ्यांचं लक्ष नव्या खोक्याकडे वळतं. मी ती परत मागून घेते. उजेडात धरून दोन्ही बाजूंनी बघते. नवं काय घ्यायचं याचं अर्धं उत्तर त्या झिजलेल्या लोखंडावर लिहिलेलं असतं.

आमच्या थार जीपची पुढची डावी डिस्क मागच्या आठवड्यात महू नाक्याजवळच्या गॅरेजात अशीच हातात घेतली. बाहेरच्या कडेला नख अडेल असा कंगोरा उभा राहिला होता. डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणारे पॅड जिथपर्यंत पोचत नाहीत तिथे मूळ जाडी शाबूत, बाकी सगळं आत गेलेलं. पृष्ठभागावर गोल चरे, आणि गाडीकडच्या बाजूला ते चाकाकडच्या बाजूपेक्षा जास्त खोल. दोन थाळ्यांच्या मध्ये हवा खेळावी म्हणून ज्या वाटा असतात, त्यांतल्या निम्म्या काळ्या मातीने बुजलेल्या. माती इतकी घट्ट वाळलेली, की स्क्रूड्रायव्हरने टोकरून काढावी लागली. एका वाटेत खडा अडकून बसला होता, तो तर निघालाच नाही.

निळसर डाग मात्र कुठेही नव्हते. केसासारख्या बारीक भेगाही नव्हत्या. म्हणजे ही डिस्क फार तापून खराब झालेली नव्हती. तिला चिखलाने खाल्लं होतं. आणि ती एकसारखी झिजलेली नव्हती, याचा अर्थ तिच्यावर बसणारं, पॅड धरून दाबणारं कॅलिपरही मोकळेपणी सरकत नव्हतं.

उस्तादांनी जाडी मोजली तेव्हा माझा भाचा वाकून बघत होता. तो इथेच अभियांत्रिकी शिकतो, गाडीवर त्याचा जीव आहे, आणि ब्रेक बदलायचे म्हटल्यावर सुट्टीच्या दिवशी स्वतःहून लवकर उठला होता. व्हर्निअरचे जबडे नुसते लावले तर ते त्या कंगोऱ्यावर टेकतात आणि जाडी आहे त्यापेक्षा जास्त दिसते. उस्तादांनी डिस्कच्या दोन्ही अंगांना एकेक नाणं ठेवलं, नाण्यांवरून माप घेतलं आणि मग नाण्यांची जाडी वजा केली. कमीतकमी किती जाडी चालेल ते डिस्कवर कोरलेलं असतं. बहुतेक गाड्यांत ते नव्या जाडीपेक्षा सुमारे २ मि.मी.ने कमी असतं. आमचं माप त्या आकड्याच्या खाली उतरलं होतं. लेथवर घासून सपाट करण्याचा प्रश्नच उरला नाही. घासणं म्हणजे आणखी पातळ करणं, आणि पातळ डिस्क तीच उष्णता घेऊन जास्त तापते.

इंदूरच्या आसपास जीपने भटकणाऱ्या माणसाला आपली माती ओळखीची असते. जानापावच्या मागच्या वाटा, चोरलच्या नदीकाठची शेतं, काजलीगढ, तिंछा, सगळीकडे माळव्याची काळी कपाशीची माती. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मृगाच्या दोन सरींनंतर तीच चाकाला असा थर धरते की टायरची नक्षी दिसेनाशी होते. माती स्वतः मऊ, चिकण. पण तिच्यासोबत बसाल्टचा बारीक चुरा आणि वाळू असते. हे सगळं पाण्याबरोबर पॅड आणि डिस्कच्या फटीत शिरतं आणि मग प्रत्येक ब्रेकला पाट्या-वरवंट्यात वाटण घातल्यासारखं तिथे दोन्ही बाजूंनी घासलं जातं. एका पावसाळ्यात चिखलातल्या फिरण्याने पॅड जेवढे झिजतात, तेवढे शहरात कितीतरी जास्त किलोमीटर चालवूनही झिजत नाहीत.

हे दुखणं डिस्क ब्रेकच्या जन्मापासूनचं आहे. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने १९०२ मध्ये डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. त्याने डिस्क दाबायला तांबं वापरलं होतं, कारण त्या काळी हाताशी फारसं दुसरं काही नव्हतं. रस्ते म्हणजे धुळीच्या खडबडीत वाटा. तांबं भराभर झिजायचं आणि कल्पना उत्तम असूनही ती व्यवहारात टिकली नाही. पुढे १९५३ मध्ये ल मांच्या शर्यतीत डनलॉपचे डिस्क ब्रेक लावलेली जॅग्वार जिंकली आणि जगाचा विश्वास बसला. शर्यतीचा रस्ता डांबरी होता, ही गोष्ट मला यात फार महत्त्वाची वाटते. डिस्क ब्रेक चांगल्या रस्त्यावर नावारूपाला आला. मातीत तो कसा वागेल हे आपल्याला वेगळं बघावं लागतं.

भाच्याच्या फोनमध्ये एक सेट निवडून ठेवलेला होता. डिस्कला आरपार भोकं, त्यांच्या मधून तिरप्या खाचा, लाल रंगाचे मोठे कॅलिपर.

"आत्या, भोकं असली की उष्णता लवकर बाहेर पडते ना?"

"थोडीफार पडत असेल. पण जिथे भोक पाडलं तिथलं लोखंड गेलं. उष्णता साठवायची कुणी?"

तो विचारात पडला, आणि मला ते आवडलं, कारण प्रश्न खरोखर विचार करण्यासारखा आहे. ब्रेक लावला की गाडीची गतिज ऊर्जा उष्णता होते आणि ती पहिल्या काही क्षणांत डिस्कच्या लोखंडातच साठते. हवेचं काम नंतरचं. ओतीव लोखंड इतकी वर्षं टिकून आहे ते यासाठी: भरपूर उष्णता पोटात घेतं, त्यातल्या ग्राफाइटच्या पापुद्र्यांमुळे ती लवकर पसरवतं, आणि कंप जिरवतं म्हणून ब्रेक किंचाळत नाहीत. भोकं पाडण्याची पद्धत मुळात वेगळ्या कारणाने आली. जुन्या काळचे पॅड तापले की त्यांतून वायू निघायचा आणि त्याचा थर पॅड-डिस्कच्या मध्ये अडकायचा. तो निसटावा म्हणून भोकं. आजच्या चांगल्या पॅडना ती अडचण फारशी राहिलेली नाही. उरतं ते भोकांचं नुकसान. प्रत्येक भोकाच्या काठावर ताण गोळा होतो. तापलेली डिस्क घेऊन तुम्ही चोरलच्या थंड पाण्यात उतरलात की भेग पडायला सुरुवात होते ती त्या काठापासून. शिवाय काळी माती ती भोकं पहिल्याच फेरीत लिंपून टाकते. वाळलेली माती एका बाजूच्या भोकांत राहिली आणि दुसऱ्या बाजूची पडून गेली की चाकाचा तोल जातो, तो वेगळाच.

खाचांचं मला पूर्ण वावडं नाही. खाच असलेली डिस्क चिखल आणि पाण्याचा पातळ थर खरवडून बाहेर टाकते, ओल्या ब्रेकची पहिली पकड थोडी लवकर येते. पण ती पॅडही खरवडते, आणि आवाज करते. जो माणूस आठवड्याचे सहा दिवस पलासिया ते विजयनगर सिग्नल मोजत चालवतो आणि सातव्या दिवशी चिखलात जातो, त्याला हा सौदा फायद्याचा नाही. आम्ही साधी, सपाट, मधून हवेच्या वाटा असलेली, गाडीबरोबर मूळ येते त्याच मापाची डिस्क घेतली. पुढच्या दोन्ही चाकांना. एकच बदलायची नसते, नाहीतर ब्रेक लावला की गाडी एका बाजूला ओढते.

भाच्याचा दुसरा मुद्दा होता की मोठे ब्रेक लावले की गाडी लवकर थांबेल. बाजारात सगळं ‘स्टॉपिंग पॉवर’च्या नावाने विकलं जातं, त्यामुळे त्याला दोष नाही. पण आमच्या गाडीत एबीएस, म्हणजे चाक पूर्ण आवळून घसरू न देणारी यंत्रणा आहे, आणि सुस्थितीतले मूळ ब्रेक कोरड्या डांबरावर जोरात दाबले तर ते एबीएस जागं होईपर्यंत चाक आवळू शकतात. तिथून पुढे गाडी किती लवकर थांबेल ते टायर आणि जमीन ठरवतात. पीथमपूरला नॅट्रॅक्स या गाड्यांच्या चाचणी केंद्रामध्ये वेगवेगळ्या घसरणीचे पृष्ठभाग असलेला ब्रेकचा खास ट्रॅक आहे तो याचसाठी: तीच गाडी, तेच ब्रेक, आणि पृष्ठभाग बदलला की थांबण्याचं अंतर बदलतं. ओल्या काळ्या मातीवर जगातलं सगळ्यात महाग कॅलिपरसुद्धा मातीपेक्षा जास्त पकड आणू शकत नाही.

एका बाबतीत मात्र भाचा बरोबर होता. आमच्या ओळखीतल्या बऱ्याच जणांनी मोठे टायर लावले आहेत. साडेतीस इंचांच्या टायरच्या जागी तेहतीस इंचांचा आला की गाडी तेवढ्याच जोराने थांबवायला ब्रेकला सुमारे ८ टक्के जास्त जोर लावावा लागतो, कारण जमिनीचा ओढा चाकाच्या मध्यापासून तेवढा लांब गेला. टायरचं वाढलेलं वजन वेगळं. त्यात लोखंडी बंपर, रुतलेली गाडी ओढून काढायची विंच, छतावरचं सामान धरा. अशी गाडी मूळ ब्रेकांवर घाटात नेणाऱ्यांची मला खरोखर काळजी वाटते. गाडी उंच करायला पैसे असतात, ती थांबवायची गोष्ट निघाली की पुढच्या महिन्यावर जाते.

मग ब्रेक चांगले म्हणजे नेमकं काय? एकदा जोरात लागणं हे कोणत्याही ब्रेकला जमतं. विसाव्यांदा, तापलेले असताना, पाण्यातून बाहेर आल्या आल्या, चिखल चढलेला असताना पाय दाबला आणि पायाला जे अपेक्षित होतं तेच घडलं, तर ते ब्रेक चांगले. भरवसा विकत घ्यायचा आहे, हे डोक्यात पक्कं असलं की दुकानातली निम्मी खोकी आपोआप बाजूला पडतात.

जामघाटाचा हिशेब मी भाच्याला गॅरेजातल्या बाकावर बसून कागदावर मांडून दिला. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर, खाली नर्मदाकाठचं महेश्वर १५० च्या आसपास. सरळ वजाबाकी ४०० मीटर. माणसं आणि सामान धरून गाडी २००० किलोची. ताशी ८० किलोमीटर वेगातली अशी गाडी पूर्ण थांबवायला ब्रेकना सुमारे ४.९ लाख ज्यूल ऊर्जा गिळावी लागते. तीच गाडी ४०० मीटर खाली उतरवायची तर ७८ लाख ज्यूल. म्हणजे ताशी ८० वरून कचकन थांबण्यासारखे सोळा ब्रेक, लागोपाठ. पुढच्या डिस्क प्रत्येकी ८ किलोच्या आणि सत्तर टक्के काम त्यांच्यावर असं धरलं तर दर अशा ब्रेकला त्यांचं तापमान ४५ ते ५० अंशांनी चढतं. सोळा वेळा, मध्ये थंड व्हायला सवड न देता. प्रत्यक्षात हवा आणि इंजिन बराच भार उचलतात, म्हणून आपण सुखरूप खाली पोचतो. पण इंजिनाला तो भार उचलू द्यायचा की नाही हे आपल्या हातात असतं.

बाबा जीप चालवायचे तेव्हा चारही चाकांना ड्रम ब्रेक होते, म्हणजे बंद डब्याला आतून घासणारे, आणि पायाचा जोर वाढवायला व्हॅक्यूमची मदतही नव्हती. जामदरवाज्यापाशी ते नेहमी थांबत. अहिल्याबाईंनी बांधलेल्या त्या दरवाज्यातून खाली निमाडाचा सगळा पसारा दिसतो. आम्हा मुलांना वाटे, ते दृश्य दाखवायला थांबतात. ते उतरून चाकांजवळ हात नेऊन ऊब बघायचे. हात लावायचे नाहीत, नुसता जवळ न्यायचे. "ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा," हे त्यांनी मला गाडी शिकवताना सांगितलं. परवा हिशेबाचा कागद त्यांना दाखवला तेव्हा चष्मा लावून त्यांनी तो ओळीओळीने वाचला आणि म्हणाले, "आकडे बरोबर आहेत गं. पण उतारावर न्यूट्रल टाकणाऱ्याला हे आकडे कोण दाखवणार?"

राऊ-खलघाट फोरलेनवरचा गणपती घाट त्यांच्या डोक्यात होता. ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांनी त्या उतारावर वर्षानुवर्षं माणसं मारली. शेवटी तो उतार टाळणारा वेगळा रस्ता बांधावा लागला. प्रत्येक वेळी बातमी यायची की ‘ब्रेक फेल’. पण ब्रेक बहुधा एका क्षणात फेल होत नाहीत. ते किलोमीटरभर आधीपासून तापत आलेले असतात. ड्रमला आतून घासणाऱ्या लायनरची पकड घटत जाते, चालक जास्त दाबतो, आणखी तापतात.

पातालपाणी स्टेशनवर रेल्वेगाडी थांबायची त्याची एक गोष्ट इंदूरमधलं प्रत्येक मूल ऐकून असतं. तंट्या मामांच्या सन्मानासाठी गाडी थांबायची, इंजिनचा चालक मान झुकवायचा, मगच पुढे जायची. रेल्वेवाले सांगतात की पुढे कालाकुंडपर्यंत तीव्र उतार आहे, म्हणून ब्रेक तपासायला थांबावं लागायचं. मला या दोन गोष्टींत भांडण दिसत नाही. इंग्रजांशी झुंजलेल्या भिल्ल वीराच्या नावाने लोक जिथे हात जोडतात, तिथेच उतरण्याआधी ब्रेकची परीक्षा व्हायची. घाट उतरण्याआधी थांबणं आपल्या मुलखात श्रद्धेचा भाग झालं आहे, आणि ते मला फार योग्य वाटतं.

पॅड निवडताना मी सगळ्यात जास्त वेळ घेतला. ढोबळमानाने त्यांची कुळं अशी. सेंद्रिय तंतू आणि राळेचे मऊ पॅड: आवाज नाही, डिस्कला त्रास नाही, पण चिखलात लवकर संपतात आणि तापले की ढिले पडतात. सिरॅमिक: शांत, चाकावर काळी भुकटी कमी, शहराला उत्तम. मग धातूचे, ज्यांत वजनाच्या ३० ते ६५ टक्के पोलाद, लोखंडाचा चुरा वगैरे असतो. हे उष्णता सोसतात, कचऱ्याला दाद देत नाहीत. बदल्यात हिवाळ्याच्या सकाळी पहिले एक-दोन ब्रेक किंचित उशिरा पकडतात, डिस्क जास्त खातात, आणि अलॉय व्हील काळी करतात. या तिन्हींच्या मध्ये कमी धातूचे पॅड येतात, ज्यांत बऱ्याच गाड्यांचे मूळ पॅड मोडतात.

पॅडच्या पाठीवर किंवा कडेवर छापलेल्या आकड्यांच्या शेवटी कधी कधी दोन इंग्रजी अक्षरं असतात. सगळ्यांवर नसतात, पण असली तर जरूर वाचावीत. पहिलं अक्षर साध्या तापमानातली पकड सांगतं, दुसरं तापल्यावरची. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. माझ्या दृष्टीने घाटात जाणाऱ्या गाडीला दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खाली असता कामा नये. एफ-एफ असलं की मला समाधान असतं. जी-ई असलं, म्हणजे थंडीत कडक आणि तापल्यावर लेचापेचा, तर तो पॅड दुकानदाराने कितीही वाखाणला तरी परत ठेवावा. अर्थात ही अक्षरं झिजेबद्दल आणि चिखलाबद्दल काहीच सांगत नाहीत. तिथे ओळखीच्या लोकांचा अनुभव विचारायचा.

आम्ही धातूचे घेतले. त्याचं मुख्य कारण जामघाट आणि चोरल. शहरातल्या शांततेसाठी सिरॅमिक घेतले असते तरी दहा महिने काही बिघडलं नसतं. पण गाडी घेतलीच आहे ती त्या उरलेल्या दिवसांसाठी. आणि ते नावाजलेल्या कारखान्याचे, पावतीसकट. ब्रेक्स इंडियासारख्या १९६२ पासून हेच काम करणाऱ्या कंपन्या आपल्या देशात असताना बिननावाचं खोकं उचलण्याचं कारण मला सापडत नाही. एका दुकानात हुबेहूब छपाईचं, निम्म्या किमतीचं खोकं समोर आलं होतं. पॅड बाहेर काढून बघितला: मागच्या पत्र्याचा रंग बोटाला लागत होता, घर्षणाचा थर एका टोकाला पत्र्यापासून किंचित सुटलेला, आणि मागची शिम पट्टी, आवाज दाबणारा पातळ पत्रा, नुसती चिकटवलेली. नखाने उचलली तर निघाली. भाच्याने तो पॅड बराच वेळ हातात फिरवला. लाल कॅलिपरचा विषय त्यानंतर त्याने काढला नाही.

धातूचे पॅड घेतले की ब्रेक ऑइलकडे लक्ष द्यावंच लागतं. धातूतून उष्णता मागे पिस्टनपर्यंत आणि पुढे ऑइलपर्यंत जास्त जाते. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, त्याचा स्वभावच तो. डॉट ४ नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही; पाणी मुरल्यावर तीच मर्यादा १५५ वर येते. डॉट ३ ची १४० वर. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडे दाबले जातात, आणि पेडल सरळ तळाला जातं. घाटाच्या मध्यावर. दर दोन वर्षांनी ऑइल बदलण्याचा खर्च एका कुटुंबाच्या सराफ्यातल्या खाण्याच्या एका संध्याकाळीपेक्षा जास्त नाही.

बसवण्याचं काम उस्तादांचं, पण मी शेजारी उभी राहते आणि त्यांना त्याचा राग नाही. डिस्क जिथे बसते तो हबचा, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाचा, पृष्ठभाग तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासायचा. तिथे गंजाचा एक पापुद्रा राहिला तरी डिस्क अंशभर तिरकी बसते आणि काही हजार किलोमीटरनंतर स्टिअरिंग थरथरायला लागतं. लोक म्हणतात डिस्क वाकडी झाली. बहुतेक वेळा ती वाकलेली नसते; तिरकी बसल्यामुळे एका जागी जास्त झिजलेली असते, किंवा पॅडचा थर तिच्यावर कमीजास्त चढलेला असतो. नव्या डिस्कवर गंज लागू नये म्हणून तेल असतं, ते ब्रेक क्लीनरने पुसायचं. कॅलिपर उतरवला की तो नळीवर लोंबकळत ठेवायचा नाही, तारेने स्प्रिंगला बांधायचा.

आणि पिना. आमच्या डिस्कची आतली बाजू जास्त का झिजली ते इथे कळलं. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो, त्यातल्या खालच्या पिनेचं रबर फाटलं होतं. आत ग्रीसच्या जागी राखाडी चिखल. पीन हाताने हलेना. मग पिस्टन आतला पॅड दाबत राहिला आणि बाहेरच्या पॅडपर्यंत जोर पोचलाच नाही. नवे पॅड, नवी डिस्क लावून ही पीन तशीच ठेवली असती तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा हेच. उस्तादांनी दोन्ही पिना साफ केल्या, नवी रबरं घातली आणि सिलिकॉन ग्रीस लावलं. साधं पिवळं ग्रीस तिथे चालत नाही, त्याने रबर फुगतं. या एवढ्याशा कामाला फार पैसे लागत नाहीत, म्हणून ते कुणी सुचवतही नाही. चिखलात जाणाऱ्या गाडीचं ते पहिलं काम आहे असं माझं ठाम मत आहे.

नवे पॅड आणि डिस्क एकमेकांशी जुळवून घ्यायला आम्ही पहाटे सुपर कॉरिडॉरच्या रस्त्यावर गेलो. मागे कुणी नाही हे बघून ताशी ६० वरून १० पर्यंत मध्यम दाबाने वेग उतरवायचा, पूर्ण थांबायचं नाही, परत वेग घ्यायचा. असं आठ-दहा वेळा. मग ब्रेक न लावता काही किलोमीटर नुसती चालवायची, गार होऊ द्यायची. यात पॅडचा अगदी पातळ, एकसारखा थर डिस्कवर चढतो आणि पकड त्या थरामुळे येते. तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून उभं राहिलं तर पॅडचा ठसा एका जागी उमटतो. भाचा चालवत होता. पहिल्या दोन-तीन वेळा पेडलला किंचित रबरी भाव होता, मग वास आला, आणि पाचव्या-सहाव्या वेळेपासून गाडी पायाच्या दाबाबरोबर नेमकी उतरायला लागली. "आत्या, आता कळतंय," एवढंच तो म्हणाला.

परतताना त्याने विचारलं की मागच्या चाकांनाही डिस्क करून घ्यावी का. मी नको म्हटलं. पुढे-मागे जोर किती वाटायचा याचं गणित कंपनीने मागे ड्रम धरून केलेलं आहे. मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ऑइल ढकलणारा), एबीएस, हँडब्रेक सगळं त्या हिशेबात बसतं. त्यातलं एक टोक बदललं की मागची चाकं आधी आवळली जाऊ शकतात, आणि उतारावर मागची चाकं आवळली की गाडी फिरते. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत असे फेरफार करू देत नाही, आणि अपघात झालाच तर विमा कंपनी पहिल्यांदा तेच बघते.

ड्रम मात्र उघडून साफ करायला हवेत. पाण्यातून गेल्यावर डिस्क दोन-चार हलक्या ब्रेकांत कोरडी होते. ड्रमच्या आत शिरलेला चिखल तिथेच राहतो, वाळतो आणि लायनर कुरतडत बसतो. उस्तादांकडे पुढच्या रविवारची वेळ घेतली आहे. लायनरचा एक सेट आणि व्हील सिलिंडरची रबरं आणून ठेवायला त्यांनी सांगितलं आहे. यादी भाच्याने केली, पार्ट नंबर त्यानेच शोधून काढले, आणि बाबा म्हणताहेत की रविवारी तेही गॅरेजात येणार.